मोराचं तेल आणि पांढरी बादली

मित्रांनो, किन्हवलीच्या नाक्यावरून शहापूरकडे निघालात की डाव्या हाताला कमळूचं गॅरेज लागतं. त्याच्या मागे करवंदीच्या जाळीला टेकून एक सहाचाकी ट्रक उभा आहे. मूळचा नारिंगी रंग आता ओळखू येत नाही. केबिनमध्ये कमळूच्या कोंबड्या अंडी घालतात. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक पडलेलं आहे. तो ट्रक म्हणजे मी.

तुम्ही म्हणाल, जुना झाला म्हणून उभा राहिला, त्यात सांगण्यासारखं काय? पण मी जुना होऊन थांबलो नाही. माझ्यात अजून सहा-सात वर्षांचं काम शिल्लक होतं. मला कशानं संपवलं हे तीन-चार माणसांना ठाऊक आहे, आणि त्यांतला कुणीच चारचौघांत बोलत नाही. म्हणून मीच सांगतो.

एका मोठ्या कारखान्यातून मी बाहेर पडलो त्याला आता चोवीस वर्षं होतील. धसईजवळच्या एका गावातल्या रघूनं मला घेतलं. उंच, शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको जनी हिनं माझ्या बॉनेटवर हळद-कुंकू लावलं, आणि केबिनमध्ये चढल्यावर तिच्या कडेवर असलेल्या मुलीनं माझा हॉर्न दाबला आणि स्वतःच दचकून रडायला लागली. रघूला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती मुलगी म्हणजे कुणाली. तिच्या पाठीवर दुसरं मूल झालं नाही.

रघू चांगला चालवणारा होता. धसईच्या बाजारातली भेंडी-काकडी, मुरबाडच्या गिरणीचा तांदूळ, उन्हाळ्यात विटा, दिवाळीनंतर भाताच्या पेंढ्याचे गठ्ठे, हे सगळं मी वाहिलं. त्याच्यासोबत क्लीनर म्हणून त्याच्याच वयाचा नवशा असे. दोघं लहानपणापासूनचे सोबती. माझ्या दुसऱ्याच पावसाळ्यात काळू नदीच्या पुलावर पाणी आलेलं असताना रघूनं मला पलीकडे काढायचं ठरवलं. मधोमध माझी मागची चाकं सरकली. मी कठड्याच्या दगडात अडकलो म्हणून वाचलो, पण दार उघडून उतरायला गेलेला रघू पाण्यात पडला. नवशानं उडी टाकली आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून त्याला काठाला आणलं. त्या उडीत नवशाचा पाय खडकावर आपटला आणि पुढे त्याच दुखण्यानं अधू झाला. ट्रकवरचं काम सुटलं, आणि त्यानं सरळगावच्या नाक्यावर तेल, ग्रीस, पंख्याचे पट्टे यांचं दुकान टाकलं.

तेव्हापासून माझ्या इंजिनात नवशाच्याच दुकानातलं तेल पडायचं. बादलीवर मोराचं चित्र होतं म्हणून आमच्याकडे त्याला सगळे मोराचं तेल म्हणत. खरं सांगतो, तेल चांगलं होतं. पंधरा वर्षं त्या तेलानं मला कधी दगा दिला नाही. रघू दुसऱ्या बादलीकडे बघायचासुद्धा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "नवशा देतो तेच चांगलं." तेल चांगलं म्हणून नवशाकडून घेतो असं त्यानं कधी म्हटलं नाही. हा फरक तेव्हा माझ्याही लक्षात आला नव्हता.

कुणाली माझ्याच सावलीत वाढली. बारावीनंतर तिनं आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स घेतला, तेव्हा गावात हसले. रघू काही बोलला नाही, पण पहिल्या दिवशी तिला सोडायला मला घेऊन गेला, रिकामा, फेरी नसताना. पुढे त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसेना. लायसन्स पुन्हा होईना. तोवर कुणालीनं जड वाहनाचं लायसन्स काढलं होतं. एका सकाळी रघूनं किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसला. मुरबाडपर्यंत तो समोर बघत होता की डोळे मिटून होता, मला कळलं नाही. उतरताना एवढंच म्हणाला, "क्लच लवकर सोडतेस गो. बाकी बरं हाय."

मित्रांनो, मला दोघांनी चालवलं. कुणालीचा हात रघूपेक्षा हलका होता. रोज सकाळी तेलाची पातळी दाखवणारी पट्टी काढून फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. महिन्यातून एकदा तेलाचा थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला सोडायची आणि तो कसा पसरतो ते पाहायची. माझ्या दाराच्या आत पांढऱ्या रंगानं तारीख आणि किलोमीटर लिहायची. धसईच्या भाजीवाल्या बायका तिच्यावर जीव टाकायच्या. माल वेळेवर जायचा, आणि गाडी चालवणारी खोचक बोलत नसे.

तिनं नोकरी करावी तशी माझी सेवा केली, आणि तिच्याच लक्षात आलं की मोराचं तेल पूर्वीसारखं राहिलेलं नाही. भरल्यावर आठवड्यात काळं पडायचं. थेंब कागदावर पसरला की मधे चिखलासारखा डाग राहायचा. एकदा नवी बादली अंगणात आणल्यावर तिनं झाकण उन्हात धरलं.

"बाबा, हे बघा. सीलची कडी आधीच तुटून परत चिकटवलेली हाय. झाकणावरचा नंबर येगळा, बादलीवरचा येगळा."

रघूनं बघितलंही नाही. "नवशा बनावट माल ठेवील? तू कुणाबद्दल बोलतेस तुला समजतं का?"

"नवशाकाका ठेवतात असं मी म्हटलं नाय. त्यांना कुणी आणून देत असंल. जुन्या बादल्या भंगारात घ्यायच्या, जळकं तेल गाळून रंग लावून भरायचं. आमाला आयटीआयत दाखवलंय हे."

"आयटीआय होती का नदीत उडी मारायला?"

पण कुणाली हटली नाही. शहापूरला जाऊन तिनं दुसऱ्या कंपनीची पांढरी बादली आणली. माझ्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला, तेलाच्या घट्टपणाचा पंधरा-चाळीस हा आकडा तिच्यावर होता, डिझेल इंजिनासाठीचा दर्जा तोच होता, आणि सील शाबूत होतं. तिनं चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट काढून जुनं तेल पूर्ण गळू दिलं, फिल्टर बदलला आणि नवं भरलं. गावात चर्चा झाली की आता रघूचं इंजिन बसणार, एका तेलाची सवय असलेल्याला दुसरं चालत नाही. मित्रांनो, आम्हा इंजिनांना बादलीवरचं चित्र दिसत नाही. तेल योग्य दर्जाचं असावं, शुद्ध असावं आणि वेळेवर बदलावं, एवढंच आम्हांला कळतं. पांढऱ्या बादलीनं मला काही झालं नाही. उलट थंडीत सकाळी मी एका हाकेत सुरू होऊ लागलो.

दीड वर्ष असं छान गेलं. छान माझ्यापुरतं. रघू केबिनमध्ये बसेनासा झाला. सरळगावच्या नाक्यावरून जाताना नवशा दुकानाच्या पायरीवर बसलेला दिसे. कुणाली हात करायची, तो मान वळवायचा. बाजाराच्या दिवशी कुणीतरी रघूला म्हणालं, "पोरीनं बापाच्या दोस्ताचं दुकान सोडवलं म्हनं." रघू त्या दिवशी न जेवता उठला, असं जनी अंगणात शेजारणीला सांगत होती.

मग गेल्या कार्तिकात जनीचं ऑपरेशन निघालं. कुणाली दहा दिवस तिच्याजवळ कल्याणच्या दवाखान्यात राहिली. मी अंगणात उभा होतो. तेल बदलायला थोडे किलोमीटर बाकी होते, त्यासाठी पांढरी बादली तिनं आधीच आणून पडवीत ठेवली होती.

चौथ्या दिवशी दुपारी नवशा आला. त्याच्या पिकअपमध्ये मोराची बादली होती. आधी दोघं नुसते बोलत बसले. मग रघू उठला आणि माझ्या चेंबरखाली घमेलं सरकवलं. दोन म्हातारे माझ्या पोटाखाली आडवे झाले, एकमेकांना शिव्या देत, हसत. नट निघेना तेव्हा नवशा म्हणाला, "पोरीनं आवळलाय जोरात, हात हाय तिचा," आणि दोघं पुन्हा हसले. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी रघूचा हात मला लागला होता.

फिल्टर त्यांनी तोच ठेवला. तेल ओतलं. पडतानाच मला कळलं की हे तेल नाही. पातळ, निसरडं, कसलाही दम नसलेलं पाणी. नवशाला ते ठाऊक होतं का? त्यालाही कुणी फसवलं होतं का? ते मला आजही सांगता येणार नाही. जाताना तो म्हणाला, "पोरीला काय सांगशील?"

"आता काय नाय सांगत. महिनाभर चालूदे गाडी झकास. मग सांगतो की बघ गो, मोराचंच हाय, तुला समजलं पन नाय."

एवढ्यासाठी, मित्रांनो. एका पोरीला एकदा हरवण्यासाठी. रघूनं पांढरी बादली उचलली आणि गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात खोल खुपसून ठेवली.

कुणाली परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी तिनं पट्टी काढली आणि थबकली. तेल नवं दिसत होतं.

"बाबा, तेल बदललंत?"

रघू दात घासत होता. त्याला वेळ मिळाला होता, खरं सांगता आलं असतं. "हां," तो म्हणाला. "तू नव्हतीस. तुझीच बादली घातली."

ती पट्टी हातात धरून तशीच उभी राहिली. मग धावत आत गेली आणि आईला म्हणाली, "आये, बाबांनी माझी बादली घातली!" तिच्या आवाजात एवढा आनंद होता की रघूनं तोंड धुवायला घेतलेलं पाणी तसंच सांडून दिलं. त्या दिवशी तिनं बाजारातून त्याच्यासाठी जिलेबी आणली. त्यानं ती खाल्ली.

मी आतून झिजत होतो. मला ओरडता येत नाही. बेअरिंगांवरचा थर रोज थोडा खरवडला जायचा, आणि तो चुरा जुन्या फिल्टरात तुंबायचा. पट्टीवर तेल पुरेपूर दिसायचं. पातळी तेवढी पट्टीवर कळते, तेलातला दम नाही कळत. तिनं कागदावर थेंब सोडला नाही. बापानं बदललेलं तेल तपासायचं, हे तिला बरं वाटलं नसावं.

चौथ्या आठवड्यात पेंढ्याचे गठ्ठे भरून आम्ही माळशेज घाट चढत होतो. सकाळचे अकरा वाजले होते. मधल्या एका अवघड वळणावर तेलाचा लाल दिवा लागला. कुणालीनं तो त्याच क्षणी पाहिला. पण एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, थांबायला जागा नव्हती. ती शंभर पावलं मला घेऊन गेली असेल, आणि माझ्या पोटात काहीतरी तुटलं. पिस्टनचा रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. मी जागच्या जागी बंद पडलो आणि भरलेल्या वजनानं मागे सरकू लागलो. मागे एक रिक्षा होती, तिच्यात बायका-पोरं होती. कुणालीनं हँडब्रेक ओढला. मी तरी सरकतच होतो. तिनं स्टिअरिंग पूर्ण फिरवून माझी पाठ डोंगराच्या अंगाला घातली. आपटताना स्टिअरिंगचा झटका बसला आणि तिचं डावं मनगट मोडलं. रिक्षा माझ्यापासून दोन हातांवर थांबली होती.

तासाभरात रघू आला. त्याला नवशाच आपल्या पिकअपमधून घेऊन आला होता. तोवर रस्त्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. पेंढ्याचा मालक होता, आमच्या गावाकडचे तिघं-चौघं होते. कुणी म्हणत होतं, बाईच्या हातात घाट देऊ नये. कुणालीनं मोडका हात ओढणीत बांधला होता. दुसऱ्या हातानं तिनं पट्टी काढून बोटांवर तेल चोळून पाहिलं होतं.

"बाबा, तेल गेलंय. पाणी झालंय नुसतं," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक माझी हाय. तेल मी निवडलं होतं."

रघूचा चेहरा पांढरा पडला. त्यानं नवशाकडे पाहिलं. नवशा रस्त्याच्या डांबराकडे बघत होता. सगळे रघू काय बोलतो याची वाट पाहत होते. मला वाटलं, आता बोलेल.

"मी सांगतच होतो," रघू म्हणाला.

मला ओढून गावात आणलं. कमळू किन्हवलीहून येऊन माझं इंजिन उघडून बसला. त्यानं बोटं हुंगली. "ह्ये नवं तेल नाय, कुणाली. जळकं गाळून भरलेलं हाय. तुझ्या शहापूरवाल्यानं फसवलं तुला." ती त्याच दिवशी प्लास्टरमधल्या हातानं शहापूरला गेली आणि त्या दुकानदाराला गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोलली. तो बिचारा आपल्या बादल्यांची सीलं दाखवत राहिला. इकडे धसईच्या बायकांनी माल दुसऱ्या टेम्पोवाल्याला दिला. त्यांचं काय चुकलं? भाजी तर जायलाच हवी.

पंधरा दिवसांनी जनी बैलांसाठी माळ्यावरचा पेंढा काढत होती. तिच्या हाताला काहीतरी घट्ट लागलं. ती पांढरी बादली घेऊन खाली आली आणि माझ्यासमोर अंगणात ठेवली. सील जसंच्या तसं होतं.

"ह्ये काय हाय?" तिनं रघूला विचारलं. पुन्हा विचारलं, "अवो, मी इचारते, ह्ये काय हाय?"

कुणाली दारात आली. तिनं बादली पाहिली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. ती पायरीवर बसली.

"घाटात तरी बोलायचं व्हतं, बाबा," ती म्हणाली. "एवढी माणसं व्हती."

"नवशाचं नाव गेलं असतं गो," रघू जमिनीकडे बघत म्हणाला. "त्यानं मला पान्यातून काढलंय."

"आणि माझं?"

जनीनं तोंडाला पदर लावला आणि गोठ्यात निघून गेली.

दुसऱ्या सकाळी कुणाली पहिल्या एसटीनं शहापूरला गेली. कमळूही त्या वेळी तिथे फिल्टर आणायला गेला होता, त्यानं मला पुढे सांगितलं. म्हणजे मला नव्हे, माझ्या आडोशाला बिडी ओढताना दुसऱ्या एकाला. ती दुकानात शिरली, गिऱ्हाइकांची गर्दी बघून थांबली नाही, आणि मोठ्यानं म्हणाली, "मागं मी तुमाला इथं खोटं ठरवलं. माझी चूक होती. माल तुमचा नव्हता." दुकानदारानं विचारलं, मग कुणाचा होता? ती म्हणाली, "आमच्या घरचा."

तिनं नंतर चार ठिकाणी गाडी चालवायचं काम मागितलं. घाटातली गोष्ट सगळीकडे तिच्याआधी पोचली होती. आता ती भिवंडीकडच्या एका गोदामात खोक्यांवर चिकटपट्ट्या मारते. सणाला येते, आईला भेटते, जाते. रघूशी कामापुरतं बोलते. गावात तिनं कुणालाही खरं सांगितलं नाही. ते सांगायचं काम रघूचं आहे असं ती मानते. रघूनं ते केलेलं नाही. नवशाचं दुकान चालू आहे. फक्त रघू त्या पायरीवर आता बसत नाही.

मला कमळूकडे आणून ठेवलं, त्यालाही आता बरेच महिने झाले. परवा रघू एका भंगारवाल्याला घेऊन आला. भंगारवाला परगावचा, उल्हासनगरकडून आलेला. त्याला ना नवशा माहीत, ना कुणाली. त्यानं माझ्या इंजिनाच्या भोकात हात घालून पाहिला आणि सहज विचारलं, "चांगली गाडी होती की. इंजिन कशानं गेलं?"

तिथे दुसरं कुणीही नव्हतं. कमळू जेवायला गेला होता. खरं बोललं असतं तर कुणाचंच नाव गेलं नसतं. रघूनं काळा चष्मा काढून डोळे पुसले आणि माझ्या दाराला हात लावून म्हणाला, "पोरीनं तेल बदललं."

भंगारवाला मान हलवून पुढची चाकं बघायला गेला. येत्या आठवड्यात गॅस-कटर घेऊन त्याची माणसं येतील.

मित्रांनो, तुमच्या घरी ट्रक असेल, ट्रॅक्टर असेल, साधं भात झोडपायचं मशीन असेल, तर त्याचं तेल वेळेवर बदला, फिल्टर बदला, सील पाहून घ्या, मग दुकानदार कितीही जवळचा असो. कंपनी बदलली तरी चालेल, दर्जा बदलू नका. हे सगळं कुठल्याही मेकॅनिककडून तुम्हांला शिकता येईल. पण हातून चूक झाली, आणि तिचा आळ दुसऱ्यावर जाताना दिसला, तर तिथल्या तिथे, तेवढ्याच माणसांसमोर तोंड उघडा. एक दिवसही थांबू नका. मी लोखंडाचा आहे, मला तोडून वितळवून दुसरं काहीतरी करतील. त्या मुलीला तशी सोय नाही.